गुडघ्यांपुरती जागा

"आधी कोरडं जोडून बघ. पाणी सोडून बघ. कुठे थेंब नाही अशी खात्री झाली, की मगच सोल्युशन लाव. एकदा चिकटलं की ते तुझं राहत नाही, भिंतीचं होतं."

हे माझ्या सासऱ्यांचं बोलणं. ते नळकाम करायचे आणि ह्यांनाही तेच शिकवलं. मी ह्या घरात आले तेव्हा ते थकले होते, खाटेवरूनच सांगायचे, मधे खोकायचे आणि खोकला थांबला की पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. ते गेल्यावर त्यांचा आवाज घरात राहिला तो आक्कांमुळे. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या वडलांची हुबेहूब नक्कल करायच्या, खोकल्यासकट. हे कुठे काम बिघडवून आले की आक्का पदर कानामागे खोचून सुरू करायच्या, "आधी कोरडं जोडून बघ," आणि ह्यांना राग यायच्या आधी हसू यायचं.

आक्कांनी लग्न केलं नाही. सासूबाई लवकर गेल्या तेव्हा हे शाळेतही जात नव्हते. आक्कांनी ह्यांना वाढवलं, आणि वाढवता वाढवता एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागल्या. पुढे त्याच स्वयंपाकघराच्या मुख्य झाल्या, पण भांड्यांवरचा हात सुटला नाही. दुसऱ्याने घासलेलं पातेलं त्या उजेडात धरून बघायच्या. मग जिन्यावरून पडल्या. कमरेखालचं सगळं गेलं. इस्पितळातून त्या सरळ आमच्याकडे आल्या, चाकांच्या खुर्चीत बसून.

आमच्या घरात त्यांना काही कमी पडू दिलं नाही, असं मी मनापासून सांगू शकते. पण त्यांना जे हवं होतं ते आमच्याकडे नव्हतं.

"ताट हातात येतं, ताट हातातून जातं," एकदा जेवताना त्या म्हणाल्या. "पाहुण्यासारखं चाललंय माझं. पाहुणी किती दिवस राहते ते तरी सांगा, म्हणजे मी पिशवी भरते."

"आक्का, असं बोलू नका हो," मी म्हणाले.

"तू गप्प बस, मौनीबाई." मी सकाळचा जप होईपर्यंत बोलत नाही, म्हणून त्यांनी मला ठेवलेलं हे नाव. जप झाल्यावरही मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ते चिकटलं.

त्यानंतर दोनचार दिवसांनी मी बाजारातून आले तर ओट्याखाली कपाच्या ठिकऱ्या आणि सगळीकडे पाणी. आक्कांनी खुर्ची आडवी लावून, एक हात ओट्यावर टेकून, दुसऱ्याने कप विसळायचा प्रयत्न केला होता. सिंक खोल होतं, उंच होतं, आणि खाली कपाट. खुर्ची पुढे जाणार कशी? बाही खांद्यापर्यंत भिजली होती. मी ठिकऱ्या गोळा केल्या. त्या भिजलेली बाही पिळत राहिल्या, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी हे आले तसं आक्कांनी विषय काढला. "बारक्या, अख्ख्या जगाची सिंकं बदलतोस. बहिणीचं एक बदल. मला माझा कप, माझं ताट धुता आलं पाहिजे. बाकी काही मागत नाही."

"बाकी काही मागत नाही म्हणतेस आणि ओटा फोडायला लावतेस," हे म्हणाले. पण चहा तसाच ठेवून ओट्याशी उकिडवे बसले आणि कपाटाचं दार उघडून आत बघायला लागले.

त्यांनी कपाट काढलं. ओट्याचा सिंकाकडचा तुकडा कापून खाली घेतला, जुनं खोल सिंक उतरवलं आणि एक उथळ, पातळ सिंक आणलं. सिंक खाली आलं म्हणजे सांडपाण्याचे पाईपही बदलावे लागणार. जुना पाईप भिंतीतल्या भोकातून बाहेर जायचा. ते भोक नव्या सिंकाला जेमतेम पुरण्याइतकं खाली होतं. ह्यांच्या मनात भिंत फोडून खाली, कोपऱ्यात नवं भोक पाडायचं होतं.

"कशाला?" आक्का म्हणाल्या. "धुरळा खात बसू का आठवडाभर? आणि तुझी बाहेरची कामं? उतार मिळतोय ना? मग झालं. बाबांनी कधी कारण नसताना भिंत फोडली होती?"

उतार मिळत होता. हे पाणसळ लावून बघत होते, पुन्हा लावत होते. शेवटी जुन्याच भोकात काम करायचं ठरलं. पाणी जायचं भोक सिंकाच्या पुढच्या कडेशी, त्याच्याखाली ट्रॅप, म्हणजे ती प्लास्टिकची बाटली जिच्यात पाणी अडून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही. बाटलीच्या गळ्याला दातेरी चाकी, हाताने आवळायची. तिथून पाईप मागे भिंतीत.

सगळं कोरडं जोडलं. सोल्युशनचा डबा उघडलासुद्धा नव्हता. बादलीभर पाणी ओतलं, खाली जुना पेपर अंथरला, पेपर कोरडा राहिला. मग हे म्हणाले, "आक्का, ये आत. गुडघे बघू."

आक्का तयार होऊन बसल्या होत्या. सकाळपासून त्यांचा उत्साह चालला होता. केस विंचरून घेतले होते, धुतलेला गाऊन मागून घेतला होता, आणि खुर्चीवरची जाड फोमची गादी मला काढून धुवायला लावली होती. "नव्या सिंकापाशी ही मळकी गादी घेऊन जाऊ का?" फोम वाळायला वेळ लागतो. ती मागच्या दारी दोरीवर निथळत होती आणि आक्का चादरीच्या घडीवर बसल्या होत्या.

त्या खुर्ची ढकलत आत आल्या. गुडघे सिंकाखाली गेले. हे जमिनीवर आडवे झाले आणि गुडघा व बाटली यांच्या मधे त्यांनी आडवी बोटं घातली.

"तीन बोटं जागा आहे."

"तीन बोटं म्हणजे बंगला झाला," आक्का म्हणाल्या. "चिकटव आता."

ह्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या, पाईप सोडवले, कडा कानशीने घासल्या, पुसल्या, आणि सोल्युशन लावून एकेक सांधा फिरवून बसवला. सासऱ्यांनी सांगितलेलं एकही काम त्यांनी गाळलं नाही. गादीची आठवण आम्हा तिघांपैकी कोणालाच झाली नाही.

मग सुरू झालं आक्कांचं राज्य. आपला कप, आपलं ताट एवढंच मागितलं होतं, पण आठवड्याभरात त्यांनी माझ्या हातातून सगळीच भांडी काढून घेतली. "तुझ्या भांड्याला साबण राहतो, मौनीबाई. जप करताना बोटं भराभर फिरतात, घासताना का फिरत नाहीत?" मी बाजूला उभी राहून भांडी पुसायची. त्या वसतिगृहातल्या गोष्टी सांगायच्या, कोणता मुलगा भाकरी खिशात घालून न्यायचा, कोण पातेल्यात डोकं घालून गायचा. सांगता सांगता पुढे वाकायच्या, खुर्ची आणखी आत सरकवायच्या. खाली गुडघ्यांचं काय चाललंय हे वरून कोणालाच दिसत नव्हतं. आणि त्यांना कळणार कसं? तिथलं त्यांना काहीच कळत नव्हतं.

हवा गार व्हायला लागली होती. त्यांचं अंग मी रोज पुसायची, पण हल्ली पाय त्या स्वतःच पुसून घ्यायच्या, "तेवढं माझं मला जमतं," म्हणायच्या. एक दिवस मोजा चढवताना गाऊन वर सरकला. उजव्या गुडघ्याच्या वर फडकं गुंडाळलेलं दिसलं. मी ते सोडलं. आत जखम होती. वरची कातडी केव्हाच गेली होती, मधे खोल, ओलं, आणि कडेने बारीक बारीक खाचा, एकीला लागून एक. मी उठले, ओट्यापाशी गेले, सिंकाखाली हात घातला. चाकीचे दाते बोटांना लागले.

"मला दुखत नाही गं," मागून आक्कांचा आवाज आला. "पाय माझं ऐकत नाहीत, मी त्यांचं कशाला ऐकू?"

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"गाऊनवर डाग दिसला. धुऊन टाकला. माझ्याच सिंकात धुतला." त्या हसल्या. मी हसले नाही, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "बारक्याला सांगू नकोस. तो सगळं उखडेल. आणि आपल्या हातून झालं म्हणून आयुष्यभर कुढत बसेल. तुला माहीत नाही तो. लहानपणी माझ्या हातावर त्याच्याकडून गरम पाणी सांडलं, तर बिचारा महिनाभर माझ्याशी नजर मिळवत नव्हता."

"आक्का, ह्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"तो विचारणारच नाही."

"न विचारताही सांगायला लागेल मला."

मग आक्का गाऊन खाली ओढून म्हणाल्या, "सांग. पण आधी त्याला जेवू दे."

ह्यांना मी जेवण झाल्यावर सांगितलं. हे उठले, आक्कांना उचलून पलंगावर ठेवलं, रिकामी खुर्ची ढकलत सिंकाखाली नेली. मग खाली बसून गादीच्या कडेपासून वर बाटलीपर्यंत बघत राहिले. गादीवर हात दाबला, सोडला, फोम फुगून वर आला.

"माप घेताना गादी नव्हती," एवढंच म्हणाले.

"बारक्या, गादी मी धुवायला लावली होती," पलंगावरून आक्का म्हणाल्या. "भिंत फोडू नको असंही मीच म्हणाले. दोन्ही माझं. तुझं नावसुद्धा नाही त्यात."

दुसऱ्या दिवशी बाहेरची कामं सोडून ते घरीच थांबले. सोल्युशनने धरलेला पाईप सुटत नाही, कापावा लागतो. करवतीचा आवाज मी पूर्वीही घरात ऐकला होता, पण त्या दिवशी तो आवाज मला सहन होईना. त्यांनी बाटली काढून टाकली. सिंक उचलून पुढची कड मागे फिरवली, म्हणजे पाणी जायचं भोक मागे भिंतीशी आलं. त्याच्या खाली लगेच काटकोनी वळणाचा कोपर बसवून पाईप भिंतीला घासून बाजूला नेला आणि ट्रॅप कोपऱ्यात, जिथे कोणाचा गुडघा जाणार नाही, तिथे लावला. खाली नवं भोक पाडलं. धुरळा घरभर झाला. आक्का तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या, पण एकदाही कुरकुरल्या नाहीत. वडलांची नक्कलही केली नाही. कोरडं जोडून झाल्यावर हे त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"गादीवर बसूनच ये. मोजे घालून ये. जशी रोज बसतेस तशी बस. वाक. अजून वाक. हात लांब कर."

आक्कांनी सांगितलं तसं सगळं केलं. सिंकाखाली आता मोकळी जागा होती, मांडी ठोकून लहान मूल बसेल एवढी.

त्या सिंकापाशी आक्का थोडेच दिवस बसल्या. जखम भरेना. डॉक्टरांनी ती साफ केली, पुन्हा केली, मग म्हणाले हाडापर्यंत गेली आहे, दाखल करा. खुर्ची दारातून बाहेर काढताना आक्का म्हणाल्या, "जरा थांबा," आणि मागे वळून स्वयंपाकघरात गेल्या. आम्हाला वाटलं काही विसरलं. त्यांनी सकाळचा चहाचा कप विसळून पालथा घातला आणि आल्या.

इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक बाई होती. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली, त्यामुळे सगळे तिला कंडक्टरबाई म्हणायचे. साखरेच्या आजारात दोन्ही पाय गेले होते. आवाज मात्र अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. पहिल्याच दिवशी तिने आक्कांना विचारलं, "कुठे उतरणार?"

"जिथे बस थांबेल तिथे," आक्का म्हणाल्या. दोघींचं जमलं.

कंडक्टरबाईची मुलगी सकाळी कामावर जायची ती अंधार पडल्यावर यायची. घरी दिवसभर ही एकटी. पाणी बाटलीत भरून ठेवलेलं, कप बादलीत विसळायचा, बादली तशीच संध्याकाळपर्यंत. "वास येतो हो," ती म्हणाली, आणि तेवढंच वाक्य तिने हळू आवाजात सांगितलं. आक्कांनी तिला आपल्या सिंकाची सगळी हकिगत ऐकवली. गादीची, चाकीची, फिरवलेल्या भोकाची. कंडक्टरबाईने मधे मधे शिव्या घातल्या, कोणाला ते कळलं नाही.

एका दुपारी हे भेटायला आले होते. आक्कांना ताप होता. ओठ सुकले होते. त्यांनी ह्यांचं मनगट धरलं.

"बारक्या, हिच्याकडे सिंक लावून देशील तू. मी तिला शब्द देऊन बसलेय."

"आधी तू घरी चल. मग बघू."

"मी घरी येण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. लावून देशील ना?"

"आक्का, माझ्या हातून..."

"तुझ्या हातांमुळेच मी इतके दिवस भांडी घासली," आक्का म्हणाल्या. "लावून देईन म्हण."

"लावून देईन."

"हां," त्या म्हणाल्या, आणि मनगट सोडलं.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. सकाळची वेळ होती, मी पलंगाशी बसून नाम घेत होते. शेवटचा श्वास कोणता ते मला कळलंसुद्धा नाही. कंडक्टरबाईने पलीकडून हाक मारली तेव्हा मी वर पाहिलं.

घरी आल्यावर खुर्ची इस्पितळाला देऊन टाकली. सिंक तसंच राहिलं. माझ्या उंचीला ते फार खाली होतं. मी स्टूल घेऊन बसायला लागले. एकदा ह्यांनी पाहिलं.

"उंच करून देऊ का?"

"नको. बसून बरं वाटतं."

ह्यांनी पुन्हा विचारलं नाही. कामाला जायचे, पण कुठून सिंक बदलायचं बोलावणं आलं की दुसऱ्या कोणाचं नाव सांगायचे. गळके नळ, टाकीचे कॉक, तेवढंच करायचे. सोल्युशनचा डबा माळ्यावर गेला. मला वाटायचं, दिलेला शब्द त्यांना आठवत नसेल असं कसं होईल. आठवतोय म्हणूनच ते असे झाले आहेत. रोज दिवा लावताना मी ह्यांच्यासाठी थोडा वेळ जास्त बसायची. मागायचं काय ते मात्र सुचायचं नाही.

कंडक्टरबाई इस्पितळातून घरी परतली होती. शेवटी एक दिवस मीच तिच्याकडे गेले. तिची मुलगी कामावर होती. दार नुसतं लोटलेलं होतं. खोली एकच, स्वच्छ, पण दारातच तो वास आला. ओट्याखाली झाकलेली बादली. ओट्यावरचं सिंक माझ्या छातीला लागेल एवढं उंच.

आम्ही आक्कांबद्दल बोललो. मग मी सांगितलं, "ह्यांना जमत नाहीये. तुम्ही वाट बघत असाल म्हणून सांगायला आले. दुसरा चांगला माणूस आहे, त्याला पाठवते."

"दुसऱ्याला काय माहीत असणार? तो येईल, माझ्याकडे बघून हळहळेल, आणि जुन्या भोकात पाईप घालून निघून जाईल. तुझ्या नवऱ्याला माहीत आहे ना, कुठे काय लागतं ते. मला तोच पाहिजे." मग तिने पदराने नाक पुसलं. "पण जबरदस्ती नाही. त्याला सांग, जबरदस्ती नाही. माणूस घायाळ झाला की मला दिसतं. बसमध्ये तेवढंच शिकले मी."

घरी आल्यावर मी ह्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. माझं एक अक्षर त्यात घातलं नाही. हे जेवत होते. घास हातात तसाच राहिला.

"सिंक किती उंच आहे तिचं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या छातीपर्यंत."

"भिंत वीटकामाची आहे का?"

"ते मला कळलं नाही."

"बादली बाहेर कोण टाकतं?"

"मुलगी. रात्री आल्यावर."

ह्यांनी मान हलवली आणि उरलेलं जेवण संपवलं. ताट उचलून ते स्वतः सिंकापाशी गेले, स्टुलावर बसले, ताट घासलं. हे मी त्यांना करताना कधी पाहिलं नव्हतं. ते बराच वेळ पाणी सोडून बसले होते. पाणी भिंतीकडे जाऊन कोपऱ्यातून आवाज न करता खाली जात होतं.

सकाळी मी उठले तर माळ्याची शिडी लावलेली होती. पिशवीत करवत, कानस, पाणसळ गेलं होतं. पाईपचे लांब तुकडे हे सुतळीने बांधत होते. माझा जप अजून व्हायचा होता, त्यामुळे मी बोलले नाही. त्यांनाही काही विचारायचं नव्हतं. त्यांनी चपला घातल्या, भारा उचलून खांद्यावर घेतला, आणि दारातून बाहेर पडताना पाईप चौकटीला लागू नयेत म्हणून थोडे वाकले.

मी खिडकीत उभी राहिले. रस्त्यावर अजून वर्दळ नव्हती. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ते थांबले, भारा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला, आणि कंडक्टरबाईच्या घराच्या बाजूला वळले.